आपला उमेदवार

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला त्याचा राग धरू नकोस. थंडीची चाहूल लागली की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात आपले कोट आठवतात, आणि नेमका त्याच आठवड्यात आपला बॉयलर गळायला लागतो. लाँड्रीत पाय ठेवायला जागा नाही. समोरच्या सुताराला नात झाली. गल्लीचा रस्ता पुन्हा खणलाय, कशासाठी ते खणणाऱ्यांनाही ठाऊक नाही. एकूण काय, आपलं गाव होतं तिथेच आहे.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. ट्रकवाले मामा माल घेऊन तुझ्या बाजूला निघालेत, त्यांच्या हाती देते. तूही पुढचं पत्र त्यांच्याकडेच दे.

तू लिहिलंस, ‘ताई, सगळं पहिल्यापासून सांग, वर्तमानपत्रातलं नको.’ बरं. सांगते.

तू आत होतास तेव्हा जाळीपलीकडून आम्हाला एकच गोष्ट घोकून घोकून सांगायचास. वेगळा पक्ष काढून अनामत घालवू नका. मोठ्या पक्षाचा उमेदवार जिथे ठरतो, त्या सभेला जाऊन बसा. तिथे मोजकी माणसं येतात, बाकीचे सभासद घरी लोळत असतात. आम्ही तेच केलं. माणसाला खटल्याशिवाय डांबू नये, त्याची पत्रं फोडू नयेत, चार माणसांना जमायला परवानगी लागू नये, एवढंच मागणाऱ्या आपल्या लोकांना गाव ‘मोकळे’ म्हणायचं. मोकळे म्हणजे रिकामटेकडे, असाही अर्थ निघायचा, त्यामुळे ते नाव विरोधकांनाही आवडलं. तर आम्ही सगळे मोकळे त्या मोठ्या पक्षाचे रीतसर सभासद झालो. खिळे-बिजागऱ्या विकणारे आपले काका गिऱ्हाइकाला स्क्रू देता देता गळ घालायचे. नर्सबाई इंजेक्शन देऊन झाल्यावर बोलायच्या, आधी नाही, एवढं तारतम्य त्यांना होतं. मी कपड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर विषय काढायची.

मेजरला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. (कधी सैन्यात नव्हता, पण मिशा आणि हुकूम यांवरून पडलेलं नाव ते. त्या पक्षाकडून निवडून येऊन येऊन त्याला ती खुर्ची वडिलोपार्जित वाटायला लागली होती.) तुझ्या अटकेनंतर आई त्याच्या दारात गेली, तेव्हा ‘कायदा आपलं काम करतोय’ म्हणून त्याने आतूनच निरोप पाठवला होता. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली, हात वर झाले, आणि मेजर पडला. तुझे भाऊजी उमेदवार झाले. तुझ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा वकील, त्या मोठ्या पक्षाचा उमेदवार! खिळेवाले काका कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरत होते. सर्दी झाली म्हणाले.

हे सगळं तुला तेव्हाच कळवलं होतं. पुढचं कळवलं नव्हतं.

मुख्य कार्यालयाने निवडीवर शिक्का मारला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मग एक निरीक्षक घरी आले. गोड माणूस. आईची विचारपूस केली, खुर्ची स्वतःच ओढून घेतली. म्हणाले, सभासदांचा कौल आम्हाला मान्यच आहे. फक्त दोन गोष्टी. भाषणात त्या खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याचा विषय नको, आणि सभागृहात मतदानाच्या वेळी पक्षाबरोबर राहायचं. मी चहा ठेवायला आले होते, तशीच उभी राहिले. विचारलं, आम्ही एकत्र आलो तेच त्या कायद्याविरुद्ध, मग यांनी बोलायचं तरी काय? निरीक्षक हसले.

“वहिनी, रस्ते बोला, पाणी बोला. विषयांना काय तोटा आहे?”

तुझे भाऊजी त्या दिवशी हो म्हणाले नाहीत. मोकळ्यांना बोलावलं, सगळं समोर मांडलं. नर्सबाई उठून गेल्या. बाकीचे म्हणाले, आधी आत तर जाऊ, आत गेल्यावर बघू. दार आतूनच उघडता येतं, असंही कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं. मग तुझे भाऊजी निरीक्षकांना हो म्हणाले, शिक्का पडला, आणि ते निवडून आले. रस्ते बोलले, पाणी बोलले, आणि चांगले बोलले. सुटल्यापासून पुन्हा धरतील म्हणून तू लांब राहतोयस, तिथून तार केल्यासारखं दोन ओळींचं पत्र पाठवलंस, की आता आपलाच माणूस तिथे आहे, मी लवकरच घरी येतो. ते पत्र आईने इतक्यांदा वाचायला लावलं, की घड्यांवर फाटलं.

मागच्या महिन्यात त्या कायद्याची मुदत संपत होती. ती वाढवायची की नाही यावर मतदान होतं. लाँड्रीतला टीव्ही चालू होता, नर्सबाई कोट न्यायला आल्या होत्या. आम्ही दोघी काउंटरच्या दोन बाजूंना उभ्या. मुदतवाढीच्या बाजूने हात वर करायला सांगितलं, आणि कॅमेरा फिरत फिरत आपल्या रांगेवर आला. तुझ्या भाऊजींचा हात वर होता. सकाळी मीच इस्त्री केलेली बाही होती ती. नर्सबाईंनी कोट उचलला, पैसे ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

ते घरी आल्यावर मी भांडले नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. ते स्वतःच म्हणाले, “मी हात खाली ठेवला असता तरी मुदत वाढलीच असती. वर पुढच्या वेळी मेजर परत आला असता.”

“मेजरनेही हेच केलं असतं ना?”

“हो.” बूट काढून कोपऱ्यात ठेवले. मग म्हणाले, “पण त्याला झोप लागली असती.”

धाकट्या, त्या वाक्यावर मला त्यांची कीव आली, आणि मग त्या किवेचाच राग आला. त्यांना झोप लागत नाही हे खरं आहे. त्याने कोणाची सुटका होते, ते मला सांग.

यानंतर चारच दिवसांनी चौकीतला हवालदार आला. त्याचे गणवेश आपल्याकडेच असतात, तू त्याला ओळखतोस, ज्याला कांजी जास्त लागते तो. गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबला. म्हणाला, मुदत वाढली तसे अटकेचे जुने हुकूमही जिवंत झालेत. तुझाही. साहेब तुझा पत्ता विचारायला येणार आहेत. “ताई, तुम्हाला माहीत नाही असंच सांगा. आणि टपालावर भरवसा ठेवू नका.” गणवेश घेतला आणि गेला. साहेब आले, मी माहीत नाही म्हटलं. त्यांनी आईलाही विचारलं. ती म्हणाली, मलाही हवाय, सापडला की कळवा.

मी हे तुझ्या भाऊजींना सांगितलं. वाटलं, उठतील, कोणाला तरी फोन करतील, सरकारी बाकावरचा माणूस म्हणून दरडावतील. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “त्याला लिही, येऊ नकोस.”

इतकी पानं खरडली ती हे एक वाक्य लांबवण्यासाठी. येऊ नकोस. आपला उमेदवार निवडून आला आहे, म्हणून येऊ नकोस.

तुझी युक्ती खोटी नव्हती. मूठभर माणसं ठरवून गेली तर मोठ्या पक्षाचा उमेदवार बदलता येतो. आम्ही बदलला. तो तसाच टिकवायचा कसा, ते तू सांगितलं नव्हतंस आणि आम्ही विचारलं नव्हतं. निम्मे मोकळे पक्ष सोडून गेले. म्हणतात, लग्नाच्या वरातीत चुकून शिरलो होतो. खिळेवाले काका मात्र जागचे हलत नाहीत. सरकार काठावरचं आहे, पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक लागणार असं सगळेच धरून चाललेत. काकांनी नर्सबाईंना सभासदांसमोर उभं राहायला तयार केलंय. त्यांचं नाव मी सुचवणार आहे, म्हणजे तुझ्या भाऊजींच्या विरुद्ध. हे मी जेवताना त्यांना सांगितलं. चोरून करण्यासारखं त्यात काय आहे?

ते म्हणाले, “ती जिंकली तर निरीक्षक तिच्याकडेही येतील.”

“येऊ देत.”

“आणि ती माझ्यापेक्षा वेगळी निघेल?”

त्यांच्याबद्दल मी निवडणुकीआधी छातीठोकपणे सांगितलं असतं, की हा माणूस वाकणार नाही. तसं आता कोणाबद्दल सांगणार नाही. तरी नाव सुचवणार आहे. ते ताटावरून उठले नाहीत, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू त्यांना राक्षस समजशील.

आता आईचं. तू तीनदा विचारलंस आणि मी तीनदा बॉयलरचं लिहिलं. ती उन्हाळ्यापासून अंथरुणावर आहे. नर्सबाई रोज येतात. मतदानानंतर चार दिवस आल्या नाहीत, पाचव्या दिवशी आल्या आणि सुई भरली. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तू ओळखशील. तू यायचं ठरवलंस तर ती डोळे उघडून बघेल, आणि तेवढ्यात तुला दारातूनच घेऊन जातील. तिला ते बघायला लावणार का, एवढाच विचार कर.

तुला पत्र लिहितेय हे तिला सांगितलं. निरोप काय लिहू विचारलं. तिने खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाली, मी बरी आहे असं लिही, नाहीतर तो येईल.

तर लिहिते: आई बरी आहे.

तू यावंस म्हणून जीव तुटणारी आणि येऊ नकोस म्हणणारी,
तुझी ताई