‘चिसोकोने’ बाजारातला बुटांचा गाळा सुनेला का

मी डोरीन नकांदू कपेंबवा, वय एकाहत्तर, धंदा फुटबॉलचे वापरलेले बूट विकणे, राहणार वुसाकिले, किटवे, आज डोके ठिकाणावर आणि गुडघे सोडून बाकी शरीर धड असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. वहीच्या पाठीमागे पूर्वी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते आणि त्यात सगळे चर्चला दिले होते.

१. राहते घर, आवारातल्या आंब्यासह, मुलगा क्लेमेंट व सून एस्नार्ट यांना मिळून द्यावे. कुंपणापलीकडे पडलेला आंबा शेजारणीचा. यावरून आमचे एकोणीस वर्षे भांडण चालले. ते मी हरले, असे लिहून देते.

२. बँकेतली शिल्लक माझी बहीण अगाथा हिला. तिने ती स्वतःवर उडवावी, नातवंडांवर नव्हे.

३. माझे कैलासवासी यजमान लाझारस यांचा खाणीच्या संघातला फोटो क्लेमेंटकडे राहावा. फोटोतले त्यांचे पाय नीट पाहावेत. बोटांकडे पंख्यासारखे पसरलेले. १९७९ साली कपच्या उपांत्य सामन्याआधी संघाला नवे, अरुंद बूट मिळाले. प्रशिक्षक सिचोने यांचे म्हणणे, एक नंबर लहान घ्यावा, चामडे सैल पडते. मी म्हटले, चामडे रुंदीला सैल पडते, लांबीला नाही. पण बायकोला विचारतो कोण? चाळिसाव्या मिनिटाला लाझारस लंगडत बाहेर आले, दोन नखे काळीनिळी, आणि सामना गेला. सिचोने आजही भेटले की त्या दिवशी ऊन फार होते असे सांगतात. मी त्यांना क्षमा करते, पण आधी हे नोंदवून मग करते. पुढच्याच महिन्यात मी पोतेभर जुने बूट घेऊन बाजारात बसले.

४. पाय मोजायचे लाकडी माप, बुटाच्या तळाचे स्टड पिळायची किल्ली, दाभण आणि मेणाचा दोरा एस्नार्टला.

५. ‘चिसोकोने’ बाजारातला गाळा, आतल्या सर्व मालासकट, एकट्या एस्नार्टला. क्लेमेंटच्या मनाला हे लागेल, म्हणून कारण लिहिते.

२०१७ च्या ऑक्टोबरात मुलींच्या जिल्हा अंतिम सामन्याआधी लव्हनेस नावाची आघाडीची खेळाडू गाळ्यावर आली. तिचा जीव एका पिवळ्या जोडीवर जडला. तळाला लांब लोखंडी स्टड, चिखलात खेळायचे. सकाळी चार थेंब पडले होते, पोरीचा चेहरा फुलला होता, क्लेमेंट तोंडभर कौतुक करत होता, आणि मी ती जोडी विकली. एस्नार्ट तेव्हा नवी सून. संध्याकाळी तिने विचारले, कोणते बूट दिले? मी सांगितले. आवाज न चढवता ती म्हणाली,

"मायो, तुम्ही चुकलात. जमीन विटेसारखी आहे. पोरगी वळेल, स्टड आत रुतणार नाहीत, पाय निसटून मुरगळेल. गुडघा जाईल तिचा."

मी म्हणाले, अडतीस वर्षे हाच धंदा करते आहे. आणि पाठ फिरवून मक्याची न्शिमा खाल्ली.

सामन्याच्या दिवशी एस्नार्ट आखूड रबरी स्टडची काळी जोडी पिशवीत घालून मिनीबसने मैदानावर गेली. मीही मागोमाग गेले. खरे सांगते, ती खोटी पडावी म्हणून गेले. लव्हनेसने त्या जोडीकडे ढुंकूनही पाहिले नाही, कारण एका बुटाची नाडी वेगळी होती. पहिल्या अर्ध्या खेळात ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा गुडघा धरून बसली. मध्यंतरात एस्नार्टने तिच्यासमोर बसकण मारली, काळे बूट चढवले, तिला उभे केले, अंगठ्याने टोक दाबून पाहिले आणि म्हणाली, "पिवळे घरी भिंतीला टांग. खेळायला हे."

लव्हनेसने गोल केला नाही. पण तिने उजवीकडून दिलेल्या चेंडूंवर दोन गोल झाले, आणि ती आपल्या पायांनी घरी गेली. माफी मागायची मला सवय नाही. मी एस्नार्टला मुंकोयो या मक्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली.

"उद्यापासून माप तू घे," मी म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी गप्पा मारीन."

क्लेमेंट, बाळा, तू गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून विकतोस. त्या दिवशी मीही तेच केले. तुझी जीभ गोड आहे, ती गाळ्याला हवीच आहे. हाका मारून माणसे आणणे तुझे काम. कोणते बूट घालून ती परत जातील, हे एस्नार्ट ठरवील.

६. गाळ्याला अट अशी: बूट दुपारनंतर, पाय फुगल्यावर, खेळायचे मोजे घालून, उभे राहूनच मापावेत. दोन्ही पाय. रंगाची गोष्ट शेवटी.

७. मला लाझारसशेजारी पुरावे. अंत्यविधी शनिवारी आला तर दुपारचा सामना रद्द करू नये. लोकांनी सामना संपेपर्यंत बघावा, मग यावे. मला घाई नसेल.

वरील सर्व मी वाचून पाहिले. एक शब्दही खोडायचा नाही.

सही: डोरीन नकांदू कपेंबवा

साक्षीदार: मोझेस चिसांगा, शिंपी, बाजूचा गाळा
साक्षीदार: फेलिस्टस मुसोंदा, निवृत्त परिचारिका, वुसाकिले

किटवे, ११ ऑगस्ट २०२३