हॅश नावाच्या मुलीला आलेली स्थळं

समता कॉलनी, रायपूर
५ जुलै २००३

आदरणीय अंजना आत्या,

यादीतून एखादं नाव काढलं तर ते जातं कुठं? जयभीम करायच्या आधीच विचारलं, माफ करा. आता रीतसर: सविनय जयभीम. तुमचा गुडघा बरा असेल अशी आशा आहे. इकडे बाबा ठीक. (रेल्वेच्या ड्यूटीवरून घरी आले की शेजाऱ्यांना सांगतात, "पोट्टी कम्प्युटरवर राजधानी एक्स्प्रेस बनवून राहिली." मी फक्त वेबसाइटची पानं बनवते.)

आपल्या वधूवर मंडळाची वेबसाइट आमच्याच ऑफिसात होते आहे. मुलींची यादी पर्ल नावाच्या भाषेतला एक प्रोग्राम आणून देतो, तो आमचे वरिष्ठ, श्यामकांत भैया, यांच्या कुलपात. माझ्या हाती फक्त साचा, म्हणजे यादी पानावर कशी मांडायची ते. साच्यात खरा प्रोग्राम लिहायची मनाई आहे. "साँचा सिर्फ दिखाता है, बदलता नहीं," असं भैयांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पुस्तकात एका कोपऱ्यात वाचलं, की यादीतली शेवटची नोंद साच्यातूनही काढता येते. प्रोग्रामला हातही न लावता. आत्या, मी किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. बंद खिडकीच्या फटीतून बोट घालून आतली वस्तू सरकवावी तसं वाटलं.

प्रयोग म्हणून एक नोंद काढली. ती गेली, पण साचा प्रामाणिक निघाला: जे काढलं ते त्याने पानाच्या डोक्यावर छापून दिलं. नाव नाही, फोटो नाही. नुसतं "हॅश", म्हणजे पर्लच्या भाषेत एक नोंद, आणि पुढे कंसात दहाएक आकडे-अक्षरं. (ती नोंद यंत्राच्या पोटात कुठे बसली आहे, त्याचा तो पत्ता. आपल्या प्रत्येकीचा असा पत्ता असतो, हे वाचून अंगावर काटा आला.)

मंडळाच्या छापील पुस्तिकेत मुलींना नंबर असतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे सचिव गौतमकाकांनी मानलं की हाही कुण्या मोठ्या घरच्या मुलीचा गुप्त नंबर. पान चाचणीसाठी मंडळातल्या पालकांनाही खुलं आहे, म्हणून दोन दिवसांत तीन स्थळांनी तिची चौकशी केली. भिलाईच्या एका आईने तर सांगितलं, मुलीच्या काहीच अटी नाहीत, हेच आम्हाला आवडलं.

मग शोधून एक आज्ञा सापडली: काम कर, पण काही बोलू नको. ती लावली आणि हॅश गायब. आईला हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हे तर मले लग्नापासून येते." भैयांनाही सगळं कबूल केलं. रागावतील वाटलं होतं. "ये तूने साँचे में किया?" एवढंच म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

तुमची,
पायल

ता. क. शेवटची नोंद माझीच होती. तुम्ही मला न विचारता दिलेली. "गृहकृत्यदक्ष" वाचून आई हसली.

ता. क. २. पान उघडलं की मूळ यादी पुन्हा पूर्ण येते आणि माझी ओळ पुन्हा शेवटचीला काढते. उद्या नवी मुलगी आली, तर शेवटची ती असेल, आणि गुपचूप तीच जाईल. म्हणून ती ओळ मी काल पुसली. मी परत यादीत आहे. नाव काढायचा अर्ज ज्याने नाव दिलं त्यानेच करायचा, असा मंडळाचा नियम आहे. अर्ज सोबत ठेवला आहे. सही तेवढी तुमची हवी.

ता. क. ३. गुरुवारी माझी गाडी तुमच्या गोंदियाला थांबेल. डबा नको, अर्ज घेऊन या. बाबांनाही तुम्हीच समजवा, तुमचं ते ऐकतात. नागपूरला एमसीएला प्रवेश मी परवा घेऊन टाकला.