स्वेटरसाठी वाढवलेले केस

१६ सप्टेंबर १९०७
संकल्प : यंदा कॉलेजच्या पहिल्या अकरांत खेळायचं म्हणजे खेळायचं. जूनपासून डोक्याला कात्री लावलेली नाही. फुटबॉलमध्ये धडका डोक्याला बसतात, डोकं वाचवायला केसच लागतात, आणि माझ्याइतके दाट केस कॅप्टन लिंडक्विस्टचेही नाहीत. निम्मं काम झालंच म्हणायचं. निघताना बाबा म्हणाले, असाच मक्यात उभा राहा, कावळे तरी फिरकणार नाहीत. बाबांना खेळातलं काय कळतं!

२ ऑक्टोबर
टॅकलच्या, म्हणजे अंगावर झेपावून पाडण्याच्या, सरावाची वाळूची पिशवी फाटली. कोच मॅक्रे यांनी तिच्या जागी मला उभं केलं. अकराच्या अकरा जण आळीपाळीने अंगावर आले. इतक्या पोरांतून निवड माझी! बसवत नाही. उभ्याने लिहितोय.

१२ ऑक्टोबर
पहिला सामना. मी बाकावर. मैदानात चिखल होता. मला मोठ्या सामन्यासाठी राखून ठेवलं असणार.

२६ ऑक्टोबर
पुन्हा बाकावर. आज चिखलही नव्हता. नुसता वैताग. पिशवी शिवून आली, तरी कोच म्हणतात तूच बरा. पिशवी ओरडत नाही, त्यामुळे दणका कितपत बसला ते पोरांना कळत नाही.

९ नोव्हेंबर
हरलो. (ते हरले. मी बाकावर.) कोचना तोंडावर विचारलं, माझी पाळी कधी? म्हणाले, तयारीत राहा. म्हणजे नक्कीच! थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या मोठ्या सामन्यात जो खेळेल, त्यालाच कॉलेजचं अक्षर असलेला स्वेटर मिळतो. एक मिनिट खेळलो तरी पुरे. घरी कळवून टाकलं की मी पहिल्या अकरांत आहे. थोडं आधी कळवलं, एवढंच.

२८ नोव्हेंबर, सकाळ
आई, बाबा आणि धाकटी हॅटी गाडीने आले. हॅटीने म्हणे गावभर सांगितलंय. सामन्याची विजार कोरी करकरीत आहे, सीझनभर एक डाग नाही.

संध्याकाळ
लिहवत नाही. शेवटची मिनिटं, बरोबरी. कोच माझ्या नावाने ओरडले, टटल! अंगावरची घोंगडी फेकली, केस मागे सारले आणि धावलो. हॅटी बाकड्यावर चढून किंचाळत होती, माझा भाऊ, माझा भाऊ! कोच म्हणाले, विजार काढ.

लिंडक्विस्टची भर मैदानात टर्रकन फाटली होती. पोरांनी भोवती कडं केलं, मी माझी उतरवून दिली. त्याने टचडाउन करून सामना जिंकून दिला. माझ्या विजारीत. मी घोंगडीत.

कोचना विचारलं, मग माझा स्वेटर? लिंडक्विस्ट मध्येच म्हणाला, टटल्या, खेळली ती तुझी विजार, तू नाहीस. सगळे हसले. रडू आलं मला, अगदी लहान पोरासारखं. बाबा मात्र हसले नाहीत. आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, चल, सणाची टर्की गार होतेय.

२९ नोव्हेंबर
केस कापून आलो. न्हाव्याने झिपऱ्या हातात धरून कौतुकाने विचारलं, काय राव, फुटबॉल खेळता वाटतं?
नाही म्हणालो.