चंद्री घोडीची लांब पल्ल्याची शर्यत

अहमदनगर,
फाल्गुन, १९७१

ती. नृसिंहमामांस सुमंतचा साष्टांग नमस्कार. आपली सांधेदुखी उतरली का? मामींचा खोकला बरा असावा. माझी प्रकृती कमरेच्या वर उत्तम आहे. पत्र उभ्यानं लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नये.

देवळालीच्या श्रीमंतरावांना आपण ‘भाचा पट्टीचा घोडेस्वार आहे’ असं सांगितलंत. (कोर्टात कारकून आहे, हे सांगायला काय हरकत होती?) ते पडले घोड्यांचे शौकीन. नगर ते देवळाली अशी लांब पल्ल्याची शर्यत आहे, तीत उतरा, मग आमच्या मुलीचं, प्रेमलाचं बघू, असा त्यांचा निरोप आला. मुलगी मनात भरलेली, त्यामुळे नाही म्हणवेना. बन्सी घोडीवाल्याची चंद्री आणली. तिचा जन्म वरातीत गेलेला, हे मला कळायला हवं होतं.

बाकीचे भरधाव गेले. चंद्री पहिल्याच गावच्या मारुतीपुढे थांबली, ती हलेना. सायकलवरून मागून आलेला बन्सी म्हणाला, “सायेब, नवरदेवानं नारळ फोडल्याबिगर ती वेशीतून फुडं सरकत न्हाई. वळनच लावलंय तिला.” फोडला. (या रस्त्याला मारुती फार आहेत.) एका गावी तर बायकांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वऱ्हाड कुठं मागं राहिलं, अशी चौकशी केली.

राहुरीला शर्यतीच्या नियमाप्रमाणे जनावरांच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, अर्थात घोड्यांची. तालेवारांचे घोडे धापा टाकत होते, ते बाद झाले. मालक डॉक्टरांच्या अंगावर धावले. गावोगाव विसावा घेतलेली चंद्री पास झाली. माझी नाडी कुणी पाहिली नाही.

शर्यत जिंकलीच म्हणायची, तर देवळालीच्या वेशीत बँड वाजला. कुणाची तरी वरात निघाली होती. चंद्री शर्यतीचं मैदान सोडून नाचत थेट मांडवात शिरली. खरा नवरदेव जीपमध्ये मागे राहिला आणि नवरीच्या आईनं माझ्या पायांवर पाणी घातलं. मला उतरता येईना. चौघांनी उचलून खाली ठेवलं, त्यांतले एक श्रीमंतराव होते. शेजारी प्रेमला तोंडाला पदर लावून उभी होती. मला फार लाज वाटली. आता थाप आपण मारलीत, तर खरंही आपणच सांगून यावं आणि हे स्थळ सोडून द्यावं.

आपला,
सुमंत

ता. क. : श्रीमंतराव आत्ताच येऊन गेले. प्रेमला म्हणते, “वरीन तर यांनाच, पण वरात पायी निघेल.” वरचा मजकूर रद्द समजावा.

पुन्हा ता. क. : मुहूर्त मात्र महिनाभर लांबचा काढावा. पाटावर बसावं लागतं.