विहीणबाईंचा माचा

ठाकुर्ली,
१२ फेब्रुवारी २०२५

सौ. शेवंतीताई यांना आसावरीचा नमस्कार.

तुम्ही सगळे मजेत असालच. इकडे आम्हीही ठीक. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे, आणि हे दोन्ही विषय मी ह्यांच्या तोंडून दिवसभर ऐकते. तुमच्या धाकूरावांची शुगर आता आटोक्यात आहे असं रसिका म्हणाली. बरं वाटलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. त्याला कारण तुम्हीच. तुम्ही इतकं गोड बोलता की भांडायला म्हणून लावलेला फोन मी कोलंबीच्या कालवणाची कृती विचारून ठेवते. कागद मध्येच "जेवलात का ताई?" विचारत नाही. आमच्या शेजारची पायल माजिवड्यालाच नोकरीला आहे, तिच्या हाती हे पाठवतेय.

काम एकच आहे. रसिकाचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे व्हायला हवं. देवेशराव काल फोनवर म्हणाले, "इथे सगळं हाताशी आहे, मम्मी आहे, ठाकुर्लीला कशाला दगदग?" जावई आहेत, म्हणून मी हसले. पण ते "मम्मी आहे" कालपासून घशात अडकून बसलंय.

एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण मला आधी तुमच्या त्या माचाबद्दल, त्या हिरव्या जपानी चहाबद्दल बोलायचंय.

दिवाळीत रसिका आली तेव्हा मी नेहमीसारखा चहा टाकला, आलं ठेचून, चांगला मुरवून. तिने अर्धा कप तसाच ठेवला. म्हणाली, "अगं आई, दुधाचा चहा हल्ली जड होतो. मी आणि मम्मी सकाळी माचा घेतो ना!" मम्मी म्हणजे तुम्ही. ही मुलगी दहावीपासून माझ्या चहावर अभ्यास करत आली. माझ्याशी कडाक्याचं भांडली तरी चहाला मुकाट्याने समोर येऊन बसायची, आणि कप संपेपर्यंत भांडणही संपायचं. आमच्यात जे काही बोलणं व्हायचं ते त्या कपावरच व्हायचं.

मग तिने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. तुमची गच्ची, दोघींसमोर सारखेच वाडगे, आणि तुम्ही बांगड्या वाजवत तो हिरवा फेस काढताय. रसिका शेजारी खिदळतेय. "किती छान!" मी म्हटलं. शेवंतीताई, मला अजिबात छान वाटलं नाही. पोटात दुखलं माझ्या. वाढवली मी, आजारपणं काढली मी, आणि तुम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढताय, असं वाटलं. वाटलं ते लिहिलं.

मग मीही माचाचा डबा मागवला. ह्यांना सांगितलं, तब्येतीला चांगला असतो. पहिल्या दिवशी मी काय केलं ऐका. आधण ठेवलं, त्यात साखर, आलं आणि दोन चमचे हिरवी पूड टाकली, आणि चहाला देते तशी सणसणीत उकळी दिली. वरून दूध. मग गाळणीने गाळायला गेले तर गाळणीत आल्याच्या तुकड्यांशिवाय काही उरेना. तेव्हा कुठे कळलं की हिचा चोथा निघत नाही, ही पूड अख्खी पोटात जाते. ह्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "पालक वाया का घालवलास?"

शेवटी पायलला विचारलं. ती हसून लोळायची बाकी राहिली. "काकी, याला उकळायचं नसतं! पाणी उकळलं की गॅस बंद करून जरा थांबा. पूड आधी चाळून घ्या, एक छोटा चमचा बस झाला. थोड्याच पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग घुसळायचं. गोल नाही हां, पुढे-मागे." त्यासाठी बांबूची घुसळणी मिळते म्हणाली. मी म्हटलं, कोकणातल्या बाईला घुसळायला काय शिकवतेस? आणि ताकाची रवी काढली. रवी गोलच फिरणार. ओट्यावरच्या टाइल्स हिरव्या झाल्या, माझा गाऊन हिरवा झाला. नाक मुठीत धरून ती घुसळणीही मागवली.

जमला एकदाचा. बारीक, दाट फेस आला. चव आधी गवतासारखी लागते, पण घोट गेल्यावर जिभेवर मागाहून काहीतरी गोडसर राहतं. खोटं कशाला लिहू, मला आवडला. त्याचाही राग आला, कारण तो तिला आधी तुम्ही पाजलात.

गेल्या रविवारी रसिका आली. मी वाडगा तयार ठेवला होता, काही न बोलता तिच्यासमोर सरकवला. ती बघतच राहिली. "आई, तू? माचा?" डोळे पाणावले तिचे. मला वाटलं, जिंकले. आणि तिने वाडगा बाजूला सारला. "नको गं, सध्या नको."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "मम्मीच्या हातचा चालतो आणि माझ्या हातचा नाही, होय?" ती "अगं, तसं नाही, ऐक तर" म्हणतेय तोच तुमचा फोन आला. आणि माझी लेक माझ्यासमोर फोनवर म्हणाली, "हो मम्मी, गोळी घेतली. नाही, माचा नाही घेतला."

फोन ठेवून तिने मला बातमी सांगितली. दुसरा महिना आहे. डॉक्टरांनी चहा, कॉफी, माचा सगळं कमी करायला सांगितलंय. मी तिच्या तोंडात साखर घातली, दृष्ट काढली, ह्यांना हाक मारली. सगळं रीतीप्रमाणे केलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन तो थंड माचा उभ्या उभ्या मीच पिऊन टाकला. माझ्या लेकीला दिवस गेल्याचं तुम्हाला आधी कळलं, शेवंतीताई. मला तुमच्या फोनामुळे कळलं. आनंदाच्या दिवशी मी तुमच्यावर जळत बसले, हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

तुम्हाला हे कळायचं नाही. तुमचं घर भरलेलं, माणसांचा राबता, तीन मुलगे. मला ही एकच. ती तुमच्याकडे सुखात आहे, आणि तेच मला सोसत नाही. निदान बाळंतपण तरी माझं मला करू द्या.

उत्तर लिहूनच पाठवा. फोन करू नका.

तुमची विहीण,
आसावरी


माजिवडा,
१७ फेब्रुवारी २०२५

आसावरीताईंना शेवंतीचा नमस्कार.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नका. पत्र वाचून आधी मला राग आला. मग परत वाचलं.

पहिली गोष्ट, रसिकाने मला काही सांगितलं नाही. एके सकाळी गच्चीवर माचा नाकाजवळ नेला आणि वाडगा टाकून बेसिनकडे पळाली. मला तीन पोरं झाली ताई, मला सांगायला कशाला पाहिजे? मी विचारलं तर माझा हात धरून बोलली, "मम्मी, मला आधी आईला सांगायचंय, तिच्यासमोर बसून. तोवर कुणाला बोलू नका." देवेशला आणि डॉक्टरांना सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मी आमच्या ह्यांनाही बोलले नाही. रविवारी मात्र मला घरात राहवेना. सांगितलं का, तुम्ही काय बोललात, तुम्ही रडलात का, सारखं तेच डोक्यात. म्हणून गोळीचं निमित्त काढून फोन केला. तिच्या तोंडातला घास मी पळवला. चूक माझी, तिची नाही.

आता माचाचं. ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा रोज सकाळी "आमच्या आईचा चहा" चालायचं. मी आलं घालून बघितलं, गवती चहा घालून बघितला, पावडर बदलली. ती सगळा कप संपवायची आणि "छान झालाय मम्मी" बोलायची. तोंडदेखलं बोलणं मला कळतं. मग आमच्या पुतणीने, समृद्धीने, ती हिरवी पूड आणली. मी विचार केला, ही कुणाच्याच आईच्या हातची नाही. इथे तरी मी आसावरीताईंच्या मागे नसेन. आम्हालाही पहिल्यांदा जमला नाही, नुसत्या गुठळ्या. आमचे हे वाकून बघतात आणि बोलतात, "यो काय शेवाल पितंस गो?" दोघी इतक्या हसलो की वाडगा सांडला. त्या दिवसापासून ती माझ्याजवळ बसायला लागली.

ताई, तुम्हाला तो आवडला असं लिहिलंत. मला अजून आवडत नाही. ती समोर बसायची म्हणून प्यायचे. आता तिला वास सहन होत नाही, तर मी एकटी कशाला करू? डबा तसाच आहे.

तुम्ही लिहिलंत, तुम्हाला ही एकच. मला तर एकही नव्हती.

बाळंतपण तुमच्याकडेच होईल. देवेशला मी समजावते. ठाकुर्ली-डोंबिवलीतला चांगला दवाखाना तुम्ही बघून ठेवा, नाव घालायला आपण दोघी जाऊ. सातव्यात ओटी भरून मीच तिला तुमच्या दारात आणून सोडीन. हसत सोडीन, लोकांसमोर सगळं नीट करीन. पण परत येताना गाडीत माझ्याशी कुणी बोलू नये, एवढं मी आत्ताच घरात सांगून ठेवलंय.

लेकीला सांभाळा. माझ्या.

तुमच्यावर कधीपासून जळणारी,
शेवंती