कोरं कपाळ

माय, पाया पडतो.

लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला, रागवू नकोस. फोनवर बोललो की खोलीतले सगळे कान देतात, म्हणून लिहितोय. तब्येत बरी आहे. पांडेसऱ्याच्या मिलमधलं साड्या रंगवायचं काम अजून सोडलेलं नाही. शेळी व्याली का? धाकट्या गायत्रीला सांग, इथल्या झुळझुळीत साड्या ओल्या असल्या की गोधडीसारख्या जड होतात.

तर झालं असं. रविवारी आमच्या नवागामात निवडणुकीची सभा होती. आत जाणाऱ्या प्रत्येकाला टिळा लावत होते. मी कपाळ मागे घेतलं. म्हटलं, "काका, मी देव मानत नाही." काका हसले. पण ते ऐकून पुढारी माईकवरून ओरडला, "देव न मानणाऱ्याचं या वस्तीत काय काम?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खानावळवाल्या मालतीबाईंनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खानावळीत जेवायला गेलो, तर शेजारी बसलेले आपापलं ताट उचलून दुसरीकडे बसले. तेव्हापासून मी तिकडे जात नाही, खमण खाऊन भागवतो. भांडायचाही कंटाळा आलाय गं. उद्या रंगाच्या टाकीवर त्यांच्याच शेजारी उभं राहायचं असतं.

तू माझ्यासाठी रोज दिवा लावतेस, मी कधी नको म्हटलंय का? मग मला एवढं का

थांब, दार वाजलं. मालतीबाई आल्यात, डबा घेऊन! उंबऱ्यातूनच ओरडतायत, "देव नको मानू रे बाबा. भूक तर मानतोस ना?"

तुझाच,
योगराज