सव्वातीन दाणे

इंदूर, ६ जानेवारी २०२५
चि. अमिता हिस बाबांचे अ. उ. आ.
लग्नाचं बोलणं फोनवर करायचं नाही हा आपल्या घरचा नियम, म्हणून हे पत्र. मानसचे वडील, कर्नलसाहेब, १९ तारखेला रविवारी महूहून जेवायला येताहेत. तुमच्या लग्नाला हो की नाही, ते नंतर कळवणार म्हणे. मानस सांगत होता, जेवणावर त्यांना इटलीची बडीशेपेची दारू लागते, सांबुका. पलासियातल्या दारूच्या दुकानदाराने आधी मला 'भिया, भिया' म्हणत मुखवासाच्या दुकानाकडे पाठवलं. मी हटलो नाही, तेव्हा दोन बाटल्या काढल्या, एक पांढरी, एक काळी. मी पांढरी घेतली, शुभकार्यात काळं कशाला? आईने ती हुंगून मुखवासात जमा केली, त्यामुळे बाटली फ्रिजवर राजरोस उभी आहे. द्यायची कशी, ते लवकर लिही. माया आहे तशी असू दे.
बाबा

पुणे, ११ जानेवारी
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.
पांढरी घेतलीत ते बरं केलंत. पेला इवलासा, त्यात दोन बोटं सांबुका. पाणी अजिबात नको, पाण्याने ती दुधासारखी दिसते आणि आई साखर घालेल. वर कॉफीचे तीन भाजके दाणे सोडायचे, आरोग्य, सुख आणि समृद्धीचे. तीनच. सम संख्या तिकडे अशुभ, आणि कर्नलसाहेब दाणे मोजतात. काही लोक वरून पेटवतात, तुम्ही मिशा सांभाळा.
थट्टा पुरे. बाबा, मला मानसशीच लग्न करायचंय आणि मला फार भीती वाटते आहे. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
आपली अमिता

इंदूर, २० जानेवारी
चि. अमिता हिस अ. उ. आ.
घोटाळा झाला. तुझं पत्र ऐकताच आई म्हणाली, तीन तिगाडा काम बिगाडा. तीस वर्षांत जिने कुणाच्या पानात तीन पोळ्या वाढल्या नाहीत, ती व्याह्यांच्या पेल्यात तीन दाणे टाकेल? चार इटलीला चालेनात. पाच पेल्यात मावेनात. शेवटी खजरान्याच्या गणपतीला सव्वा किलो लाडवांचा नवस बोलता बोलता तिलाच तोड सुचली, सव्वातीन. सव्वा कधी अशुभ असतो का? पाव दाणा काढायला मी आजोबांचा अडकित्ता घेऊन बसलो. अकरा दाण्यांचा भुगा झाला, बारावा जमला.
कर्नलसाहेब दालबाफले पोटभर जेवले. मग पेला घेतला, दाणे मोजले आणि थांबले. हा तुकडा कसला, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "तीन तुमच्या रीतीचे. पाव आमच्या बिटियाचा, ऊपर से." साहेबांनी तो तुकडा चमच्याने काढून रुमालात बांधला, बाकीचं एका घोटात संपवलं, तिन्ही दाणे चावले आणि महूला निघून गेले. हो नाही की ना नाही. माझ्या हौसेपायी तुझं काही बिघडलं असेल तर पोरी, मला माफ कर.
बाबा

इंदूर, २७ जानेवारी
चि. अमिता हिस अ. उ. आ.
आज महूहून पत्र आलं, ते उतरवून देतो. "जयसिंगराव, फौजेत अर्धवट सामान ठेवून घेत नाहीत. पाव दाणा माझ्यापाशी आहे. उरलेला पाऊण आणि अमिता, दोन्ही घेऊन या. मुहूर्त वहिनींनी काढावा, तीन तारीख सोडून."
पाऊण आणायचा कुठून? आपल्या इंदुरात केर एक दिवस घरात टिकत नाही, पाऊण दाणा कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेला असणार. आईने देवघरातला करंडा उघडला. दाणा कुंकवात होता. का जपलास म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाव दिला की पाऊण मागायला माणूस येतोच."
रजा टाकून ये. आमच्याकडे लोभाचं माप सव्वाचंच आहे.
बाबा